हरवलेलं पेन आणि आधी तपासलेली दोन दप्तरं

पाचवीच्या वर्गाला शिकवणाऱ्या एका तरुण शिक्षिकेचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्गातल्या एका मुलीचं महागाचं पेन हरवलं. बाईंनी लगेच दोन मुलांना उभं करून त्यांची दप्तरं सगळ्यांसमोर रिकामी करायला लावली. दोघंही शाळेमागच्या वस्तीतून येणारे, आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब, वंचित मुलांसाठी राखलेल्या) 25 टक्के जागांमधून प्रवेश मिळालेले. पेन नंतर त्या मुलीच्याच चित्रकलेच्या वहीत सापडलं. बाई विचारतात, "मी जातपात मानत नाही, आमच्या घरीही कधी मानली गेली नाही. मग माझी नजर त्या दोघांवरच का गेली? मनात अजून काय काय दडलंय ते कसं ओळखू, आणि काढून कसं टाकू?"

मी बरीच वर्षं वर्गात शिकवलं आणि त्यानंतर शिक्षकांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून त्यांचं शिकवणं पाहण्याचं काम करत आले आहे. त्या कामातून जे कळलं त्याच्या आधारे उत्तर देते.

आधी त्या दोन मुलांचं बोलू या, कारण तुमच्या प्रश्नात ती मागे पडली आहेत. तुम्ही अस्वस्थ आहात हे मी समजू शकते, पण मुलांचा अपमान चारचौघांत झाला आहे आणि तो अजून तसाच आहे. पेन सापडलं तेव्हा वर्गात हशा झाला असेल, विषय संपला असेल. त्या दोघांसाठी तो संपलेला नाही. प्रत्येकाला एकट्याने गाठा आणि विचारा, "मला वर्गासमोर तुझी माफी मागायची आहे, तुला चालेल का?" काही मुलांना पुन्हा सगळ्यांच्या नजरा नको असतात, आणि त्यांचा तो हक्क आहे. चालेल म्हणाली तर वर्गासमोर दोनच वाक्यं पुरेत: "त्या दिवशी मी या दोघांची दप्तरं तपासली. त्यांच्यावर संशय घ्यायला काहीही कारण नव्हतं, माझं चुकलं." यापुढे "पण" लावू नका. कारणं देऊ नका. डोळ्यांत पाणी येईल असं वाटत असेल तर तो दिवस जाऊ द्या. दहा वर्षांच्या मुलावर बाईंचीच समजूत काढायची वेळ येता कामा नये. त्यांच्या आईवडिलांनाही भेटा. त्यांनी तक्रार केली नाही याचा अर्थ त्यांना काही वाटलं नाही असा मुळीच होत नाही. खासगी शाळेत मोफत प्रवेश मिळालेल्या मुलांचे पालक सहसा तोंड उघडत नाहीत, प्रवेशावर काही येईल अशी धास्ती असते.

आणि वर्गात एक नियम आजपासून: दप्तराची झडती बंद. वस्तू हरवली तर सगळ्यांनी आपापला बाक, आपापलं दप्तर बघायचं, बाईंनी स्वतःचं टेबलही. तुमच्या बाबतीत एवढा नियम असता तरी पेन चित्रकलेच्या वहीत सापडलंच असतं.

आता नजर तिकडेच का गेली ते पाहू. ही नजर तुम्ही घडवलेली नाही, तुमच्या घरानेही कदाचित नाही. ब्रिटिशांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, त्यांची नोंदणी केली, त्यांना पोलिसांसमोर हजेरी लावायला भाग पाडलं. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यातही लागू झाला. सोलापूरला तारेच्या कुंपणातली मोठी सेटलमेंट होती, आत राहणाऱ्यांना बाहेर जायचं तर परवानगी लागे. 1952 मध्ये तो कायदा रद्द झाला, त्या जमाती विमुक्त म्हणवल्या गेल्या. पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारधी वस्तीवर जाते, ही तक्रार आजही थांबलेली नाही. एखादा विचार पिढ्यान्‌पिढ्या कायदा म्हणून, बातमी म्हणून, आजीच्या "त्यांच्यापासून जपून हो" या सांगण्यातून हवेत राहतो तेव्हा तो आपल्याला विचार वाटतच नाही. अंदाज वाटतो, अनुभव वाटतो. पेन हरवल्यावर तुमच्या मनात "ही मुलं चोर आहेत" असं वाक्य आलं नसणार. नुसतं "आधी तिकडे बघू या" एवढंच आलं असणार.

म्हणूनच "मनात काय दडलंय ते कसं ओळखू" याला माझं उत्तर असं आहे की मनात फार शोधू नका. मन विचारलं की चांगलीच उत्तरं देतं. तुम्ही प्रामाणिकपणे सांगता की जातपात मानत नाही, आणि ते खरंही आहे. पूर्वग्रह सापडतो तो रोजच्या कामात, जिथे आपण विचार न करता निवड करतो: कोणाला प्रश्न विचारला, कोणासाठी थांबलो, कोणाच्या वहीवर काय शेरा लिहिला. सुदैवाने शिक्षकाच्या कामाच्या नोंदी राहतात, त्यामुळे शोधणं आपल्याला इतरांपेक्षा सोपं आहे.

मी वर्गनिरीक्षणाला जाते तेव्हा एका कागदावर बाकांचा नकाशा काढते. प्रत्येक मुलासाठी एक चौकोन. बाईंनी प्रश्न विचारला की त्या चौकोनात उभी रेघ, शाबासकी दिली की टिंब, रागावल्या की फुली. तास संपला की कागद त्यांच्या हातात देते, तोंडाने काही बोलत नाही. असाच एक कागद मला नीट आठवतो. तास भूगोलाचा, वर्ग सहावीचा. मधल्या ओळीच्या पहिल्या तीन बाकांवर रेघांची इतकी गर्दी झाली होती की नंतरच्या रेघा चौकोनाबाहेर काढाव्या लागल्या. खिडकीकडच्या ओळीत मागचे चार चौकोन होते. एकात दोन फुल्या, एकात एक फुली, दोन कोरे. त्या चौघांत तीन मुलं वीटभट्टीवरच्या कुटुंबांतली होती. बाई अतिशय कष्टाळू, मुलांसाठी पदरचे पैसे खर्च करणाऱ्या. कागद बराच वेळ पाहून म्हणाल्या, "पण ती मुलं हातच वर करत नाहीत हो." ते खरंच होतं. जूनपासून कुणी विचारलं नाही तर ऑक्टोबरपर्यंत कोण हात वर करत बसेल?

यात थांबण्याचाही मोठा वाटा असतो. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970च्या दशकात वर्गातल्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. शिवाय ज्यांना ते हुशार समजतात त्यांच्यासाठी जास्त थांबतात, ज्यांना कच्चं समजतात त्यांच्यासाठी कमी. म्हणजे ज्याला वेळ लागणार त्यालाच कमी वेळ. हे थांबणं तीन सेकंदांवर नेलं की एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात, असंही त्यांना आढळलं. तुमच्या फोनवर स्वतःचा एक तास रेकॉर्ड करा आणि घरी घड्याळ समोर ठेवून ऐका. दुसरं काही केलं नाही तरी एवढं करा.

पेपर तपासण्याबद्दल भारतातलाच एक अभ्यास आहे, 2012 साली प्रसिद्ध झालेला, रेमा हॅना आणि ली लिंडन या अर्थतज्ज्ञांचा. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर जात, वय, लिंग ही माहिती चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटेल तशी लावली आणि शिक्षकांना तपासायला दिली. ज्या पेपरांवर खालची मानली गेलेली जात लिहिली होती त्यांना थोडे कमी गुण मिळाले. फरक लहान होता, पण उत्तरं तीच असताना होता. त्यातल्या दोन गोष्टी मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. पहिली, हा फरक गठ्ठ्यातल्या सुरुवातीच्या पेपरांत जास्त होता. गुणांचं माप डोक्यात पक्कं बसलेलं नसतं तेव्हा आपण नावावर टेकतो. दुसरी, कमी गुण देण्याकडे कल होता तो प्रामुख्याने त्याच जातींतून आलेल्या शिक्षकांचा. ऐकणाऱ्यांना हे धक्कादायक वाटतं. मला ते फार दुःखद वाटतं, पण अशक्य वाटत नाही. समाजाने आपल्याबद्दल जे म्हटलं ते आपल्याही अंगात मुरतं. "मी स्वतः तिथूनच आलोय, माझ्यात कसला पूर्वग्रह" असं म्हणणाऱ्या सहकाऱ्यांनाही हा शोध चुकत नाही.

तेव्हा पेपरांच्या बाबतीत: नमुना उत्तरं आणि गुणांची विभागणी आधी लिहून काढा, नावाचं पान दुमडून तपासा, एकेक प्रश्न सगळ्यांचा एकदम तपासा, आणि गठ्ठा संपल्यावर पहिले पाच-सहा पेपर पुन्हा बघा. वेळ थोडाच जास्त जातो.

वर्णनात्मक नोंदींना मात्र नाव झाकून चालत नाही, आणि खरं नुकसान तिथेच होतं, कारण त्या पुढच्या वर्गाच्या शिक्षकापर्यंत जातात. गेल्या वर्षीच्या तुमच्याच नोंदी काढा. तासाला बोलणाऱ्या दोन मुलांच्या नोंदी शेजारी ठेवा. एकाच्या पुढे "चौकस आहे, थोडा बडबड्या" आणि दुसऱ्यापुढे "शिस्त पाळत नाही" असं तर नाही ना? गृहपाठ न आणणाऱ्या दोघांच्या बघा. एकाच्या बाबतीत "पालकांशी बोलले" आणि दुसऱ्याच्या बाबतीत "घरी लक्ष दिले जात नाही" असं तर नाही ना? हे काम एका संध्याकाळचं आहे. त्या संध्याकाळी जे सापडेल ते मनाच्या कुठल्याही चिंतनातून सापडणार नाही.

आणखी एक गोष्ट, शाळेच्या व्यवहारातली. "आरटीईवाले उभे राहा, तुमची पुस्तकं आली आहेत" हे वाक्य मी अनेक शाळांतून ऐकलं आहे. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, काम उरकायचं असतं. पण कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली होती. जात कुणी उच्चारली नाही तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मुलांची नावं जातीसकट मोठ्याने वाचून दाखवली की दलित मुलांनी सोडवलेली कोडी लक्षणीयरीत्या कमी झाली. मूल तेच आणि कोडंही तेच होतं. पुस्तकं ऑफिसातून एकेकाला बोलावून देता येतात. ते करायला लावा.

आता पूर्वग्रह काढून टाकण्याबद्दल. "यापुढे असा विचार मनात येऊच द्यायचा नाही" असा निश्चय बहुतेकजण करतात, आणि तो टिकत नाही. नील मॅक्रे आणि सहकाऱ्यांचा 1994चा ब्रिटनमधला प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना एका टक्कल केलेल्या, तिथे दंगेखोर समजल्या जाणाऱ्या टोळीतल्या तरुणाचा फोटो दाखवून त्याच्या दिवसाचं वर्णन लिहायला सांगितलं. अर्ध्यांना बजावलं की साचेबंद कल्पना टाळा. त्यांनी त्या टाळल्या. मग त्यांना म्हणाले, चला, हाच माणूस भेटायला आला आहे. खोलीत त्याचं सामान एका खुर्चीवर ठेवलेलं, तो मात्र नाही. ज्यांनी विचार दाबून ठेवला होता ते त्या खुर्चीपासून जास्त लांब जाऊन बसले. शिक्षकाच्या बाबतीत हे लांब बसणं म्हणजे त्या बाकापाशी कमी फिरकणं. विचार आला तर येऊ द्या, "आला" एवढी नोंद घ्या, आणि हाताला दुसरं काम आधीच ठरवून द्या. वस्तू हरवली की काय करायचं ते ठरलं आहे. प्रश्न विचारताना हजेरीच्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या डब्यात ठेवा आणि निघेल त्याला विचारा. मॉनिटर दर पंधरवड्याला पाळीने बदला. हे यांत्रिक वाटेल, पण तुमचा निर्णय थकलेल्या क्षणी तुमच्याऐवजी कुणीतरी घ्यावा लागतो, आणि थकवा शेवटच्या तासाला रोज असतो.

नियमांनी वागणं बदलतं, पण ओढ बदलायला ओळख लागते. गौतम राव यांनी दिल्लीच्या खासगी शाळांमधला अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध केला. तिथे 2007च्या सुमारास गरीब मुलांना जागा राखून द्यायला सुरुवात झाली. ज्या वर्गांत ही मुलं आली त्या वर्गांतली श्रीमंत मुलं जास्त उदार झाली, सामाजिक कामात जास्त भाग घेऊ लागली, आणि रिले शर्यतीत जोडीदार निवडताना गरीब मुलाला नुसतं गरीब म्हणून डावलणं कमी झालं. माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचं असं की काही शाळा अभ्यासाचे गट नावाच्या आद्याक्षरावरून पाडत, त्यामुळे कोण कोणाबरोबर हे कुणाच्या मर्जीवर नव्हतं. आणि परिणामाचा मोठा भाग अशा एका गटात बसण्यातून आला होता. एकाच वर्गात असणं पुरत नाही, एका कामात असावं लागतं. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांचे क्रिकेट सामने भरवले, त्यातही हेच. एका संघात खेळलेल्यांच्या जातीबाहेर मैत्र्या वाढल्या, नुसतं समोरासमोर खेळलेल्यांना तो लाभ झाला नाही. अशा सहवासातून पूर्वग्रह कमी व्हावा यासाठी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने 1954 मध्येच अटी सांगून ठेवल्या होत्या: बरोबरीचा दर्जा, एकच ध्येय, सहकार्य, आणि अधिकाराच्या जागी असलेल्यांचा पाठिंबा. गटात वस्तीतल्या मुलाने फक्त सामान आणायचं आणि दुसऱ्याने मांडणी करायची, तर पहिलीच अट मोडली.

तुमच्या स्वतःसाठीही हेच लागू आहे. "त्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा" हा सल्ला तुम्हाला पुष्कळजण देतील. तो मला अपुरा वाटतो. आपण त्यांच्या जागी गेलो तरी नेतो आपलंच डोकं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 25 प्रयोगांच्या एका मालिकेत असं दिसलं की समोरच्याच्या मनाची कल्पना करून ते जास्त अचूक कळत नाही. विचारून, ऐकून कळतं. म्हणून त्या दोन घरी जा, आणि काही शिकवायला नको, ऐकायला जा. मूल घरी काय काय करतं ते विचारा. बहीण सांभाळतं का, वडिलांच्या हातगाडीचा हिशेब ठेवतं का, कोणत्या भाषेत हसतं. जे घरी गेल्याशिवाय कळत नाही ते वाचूनही थोडं कळतं. 1855 मध्ये ज्ञानोदय या नियतकालिकात मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, जेमतेम चौदा वर्षांची मुलगी. आपल्या लोकांबद्दल बोलणाऱ्या शहाण्यांना ती थेट जाब विचारते. शिक्षकाने तो निबंध निदान एकदा मोठ्याने वाचावा असं मला मनापासून वाटतं.

एका पूर्वग्रहाला मात्र जपून राहा, कारण तो चांगुलपणाचं रूप घेऊन येतो, आणि तुमच्या सध्याच्या मनःस्थितीत तो येणारच. अपराधी वाटतंय म्हणून त्या दोघांना आता सगळं माफ होईल. गृहपाठ नाही, असू दे. उत्तर अर्धवट, शाब्बास. "बिचाऱ्याच्या घरी कोण शिकवणार" हे वाक्य दयेतून निघतं आणि मुलाची वाट अडवतं. रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी 1968 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कॅलिफोर्नियातल्या एका शाळेत शिक्षकांना सांगितलं होतं की ही काही मुलं यंदा झेप घेणार आहेत. नावं चिठ्ठ्या टाकून काढलेली होती. पहिली-दुसरीतल्या त्या मुलांनी खरंच जास्त प्रगती केली. पुढे या प्रयोगावर बरेच आक्षेप आले आणि परिणाम सुरुवातीला वाटला तेवढा मोठा नसतो हेही मान्य झालं. पण अपेक्षेचा परिणाम होतो, एवढं टिकून आहे. त्या दोघांकडून तेच मागा जे पहिल्या बाकावरच्यांकडून मागता. मदत जास्त द्या, माप तेच ठेवा. वहीत चूक असेल तर ती खुणावून पुन्हा लिहून घ्या, कारण त्याला जमेल असं तुम्ही धरून चालला आहात हे मुलाला त्यातूनच कळतं.

हे किती दिवसांत जाईल असं विचारलं तर, ठरावीक विषयातला, ठरावीक वर्गातला फरक एका सत्रात दिसू शकतो. कागदावरच्या रेघा पसरतात. पण पुढच्या जूनला नवी मुलं येतात, आणि एखादी वेगळीच जुनी समजूत डोकं वर काढते: आडनावाची, उच्चाराची, कधी एखाद्या धर्माची, कधी बारीक वेण्या घालून पहिल्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलींकडून काही न मागण्याची. म्हणून नोंदी दरवर्षी बघायच्या.

शेवटी एक व्यावहारिक अडचण, जी तुम्हाला नक्की येईल. बसण्याची जागा आणि गट बदलले की पालकसभेत कुणीतरी उठेल: "आमच्या मुलाला त्याच्या शेजारी बसवू नका, भाषा बिघडते, मार्क कमी होतील." त्यांच्याशी वाद घालू नका, पण मागेही हटू नका. दिल्लीच्या त्याच अभ्यासात श्रीमंत मुलांच्या अभ्यासाचं म्हणण्यासारखं नुकसान झालेलं दिसलं नाही, हे त्यांना शांतपणे सांगा. गट नावाच्या क्रमाने पडतात आणि दर महिन्याला बदलतात, कुणासाठी अपवाद नाही, हेही सांगा. सभेच्या आधी मुख्याध्यापकांना हे सगळं लेखी देऊन त्यांचा होकार घ्या, म्हणजे पालक परस्पर त्यांच्या केबिनमध्ये गेले तरी उत्तर तेच मिळेल. आणि बाकांच्या नकाशाचा कागद भरायला एखाद्या सहकारी शिक्षिकेला बोलवा. जवळची मैत्रीण नको. जिच्या कडक नजरेचा तुम्हाला थोडा धाक वाटतो, तिलाच बोलवा, आणि तिच्या वर्गात तुम्ही जाऊन बसा.